नव्याण्णव टक्क्यांची मुजोरी

"काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा."

घरच्या व्हिडिओवर रात्री-रात्री खपलेल्या माणसाला एडिटिंग सॉफ्टवेअर अखेरीस हे ऐकवतं आणि खाली एकच बटण देतं: ओके. ओके काय, कपाळ? आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म आहे, संध्याकाळी हॉलवर पाहुणे जमणार, प्रोजेक्टर भाड्याने सांगून ठेवलेला, आणि एक्स्पोर्टची पट्टी शेवटाला येऊन आडवी पडते. काय चुकलं? कुठे चुकलं? कुणाचं चुकलं? उत्तर नाही. कचेरीतला कारकून दहा हेलपाटे घालायला लावतो हे खरं, पण निदान कुठला कागद कमी आहे ते तरी सांगतो. इथे कागद कमी आहे एवढंही कळत नाही, आणि "पुन्हा प्रयत्न करा" म्हणजे तेच, तसंच, तेवढाच वेळ घालवून पुन्हा करा. तेच केलं की निराळं काही होईल, ही आशा हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तरी आहे का?

यंत्र बिघडतं याबद्दल माझी तक्रार नाही. बिघडावंच यंत्राने, माणसं बिघडतात तर त्याने काय घोडं मारलंय. मी या धंद्यातला नाही, पण आमच्या सोसायटीत कुणाचं एक्स्पोर्ट अडलं की लॅपटॉप माझ्या दिवाणखान्यात येतो. त्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. एक्स्पोर्ट फसण्याची जी नेहमीची कारणं आहेत, त्यातली बहुतेक सॉफ्टवेअरला बटण दाबायच्या आधीच माहीत असतात, किंवा दोन सेकंदांत माहीत करून घेता येतात. ते विचारत नाही, पाहत नाही, सांगत नाही. दोन तास पंखा गरागरा फिरवतं आणि मग हात वर करतं. आणि घरातली माणसं काय म्हणतात? "तुला जमत नसेल तर बाहेर द्यायचं होतं." म्हणजे लबाडी यंत्राची आणि बोलणी करणाऱ्याला.

पेनड्राइव्हचं घ्या. दुकानातून आणलेले ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह सहसा फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. ही पद्धत १९९६ च्या सुमाराची, विंडोज ९५ च्या जमान्यातली. तिच्यात फाइलचा आकार लिहून ठेवायला ३२ बिट्स आहेत, म्हणून एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सच्या पुढे जाऊच शकत नाही. पेनड्राइव्हवर २५ जीबी मोकळी असली तरी नाही. आता गणित करा. फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला ८ मेगाबिट या बिटरेटने काढला, तर आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. तासाला ३,६०० मेगाबाइट. आवाजाचा थोडा भार धरला की सत्तराव्या मिनिटाच्या आसपास मर्यादा संपते. सव्वा तासाची मुंज असेल तर बटू भिक्षावळीला निघाला की एक्स्पोर्ट थांबलं. हे गणित पाचवीतल्या पोराला येतं. सॉफ्टवेअरला बिटरेट ठाऊक, फिल्मची लांबी ठाऊक, कुठल्या ड्राइव्हवर लिहायचं ते ठाऊक, त्या ड्राइव्हची पद्धत कोणती हे ऑपरेटिंग सिस्टीमला विचारलं की क्षणात कळतं. "ही फाइल या पेनड्राइव्हवर मावणार नाही" एवढं एक वाक्य पहिल्या सेकंदाला म्हणता आलं असतं. ते शेवटी-शेवटी थांबतं, आणि तेव्हाही "डिस्क भरली" असं म्हणतं. जी भरलेली नसते. मग बिचारा माणूस पेनड्राइव्हवरची जुनी गाणी पुसत बसतो.

उपाय साधा आहे. फिल्म आधी लॅपटॉपच्या डिस्कवरच काढायची, थेट पेनड्राइव्हवर कधीच नाही. मग पेनड्राइव्ह एक्स-फॅट या अशी आखूड मर्यादा नसलेल्या पद्धतीत फॉरमॅट करून त्यावर कॉपी करायची. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं हे ध्यानात ठेवून. हॉलवरचा टीव्ही जुना असेल आणि एक्स-फॅट वाचत नसेल, तर बिटरेट ५ मेगाबिटवर आणायचा. पावणेदोन तासांची फिल्म त्याच जुन्या पेनड्राइव्हवर बसते आणि काकूंच्या पैठणीचा काठ तेवढाच दिसतो.

डिस्कचीच आणखी एक चोरटी गोष्ट. तुम्ही फिल्म डी ड्राइव्हवर काढायला सांगता, तिथे शंभर जीबी मोकळी असते. पण एक्स्पोर्ट चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइली सॉफ्टवेअर गुपचूप सी ड्राइव्हवर टाकत असतं, आणि सी ड्राइव्ह बहुतेक घरांत गळ्यापर्यंत भरलेला असतो. तिथे जागा संपली की खेळ खलास. जागा नेमकी कुठे संपली ते मात्र गुलदस्त्यात. विंडोजमध्ये २०१७ पासून एक पहारेकरीही आहे, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाचा. खंडणीखोर व्हायरसांपासून वाचवायला तो आहे आणि त्या कामाला तो चांगलाच आहे. पण कुण्या हुशार नातेवाइकाने तो चालू करून ठेवला असेल, तर ओळखीत नसलेल्या प्रोग्रॅमला तो डॉक्युमेंट्स आणि व्हिडिओज या फोल्डरांत लिहू देत नाही. नेमकं तिथेच फिल्म काढायची, असं सॉफ्टवेअरने आपण होऊन ठरवलेलं असतं. दुसरा एखादा साधा फोल्डर करून तिथे काढली की निघते. पहारेकऱ्याने अडवलं हे सॉफ्टवेअरला कळलेलं असतं. लिहायला परवानगी नाही असा निरोप त्याला मिळतो. तो निरोप गिळून "काहीतरी चुकलं" म्हणणं हा निव्वळ कोडगेपणा आहे.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे फिल्म नव्हे, हेही कुणी सांगत नाही. तिच्यात चित्र नसतं, आवाज नसतो. कुठली क्लिप कुठल्या फोल्डरात आहे आणि कितव्या सेकंदाला कापायची, एवढाच हिशेब असतो. म्हणून ती इवलीशी असते. मूव्ही मेकर विंडोज एमईबरोबर २००० साली आला आणि १० जानेवारी २०१७ ला मायक्रोसॉफ्टने त्याचं दुकान बंद केलं, त्या मधल्या काळात किती घरांतून ही इवलीशी फाइल पेनड्राइव्हवर घालून डीव्हीडी करणाऱ्याकडे पाठवली गेली असेल, देव जाणे. सेव्ह केलं ना, मग झालं! मूव्ही मेकर बंद झाला तशा त्या फाइली आता कुठे सुखाने उघडतही नाहीत. आजही तोच गोंधळ आहे, फक्त कपडे बदललेत. क्लिप फोनच्या केबलवरून थेट टाइमलाइनवर ओढली आणि केबल काढली. फोल्डरचं नाव "लग्न" होतं ते "लग्न फायनल" केलं. क्लिप वनड्राइव्हच्या फोल्डरात होती, नाव दिसतंय पण फाइल प्रत्यक्षात क्लाउडवर गेलेली. प्रीव्ह्यूमध्ये मात्र सगळं झकास दिसू शकतं, कारण कित्येकदा प्रीव्ह्यू आधी बनवून ठेवलेल्या हलक्या नकलेवर चालतो. एक्स्पोर्टला मूळ माल लागतो. मूळ माल जागेवर आहे का हे एकदा मोजून बघायला किती वेळ लागतो? काही सॉफ्टवेअरं ते करतात, म्हणजे करता येतं. बाकीच्यांना गरज वाटत नाही.

सगळ्यात गलिच्छ भानगड मात्र ती, जिच्यात एक्स्पोर्ट अडत नाही. ते शंभर टक्के होतं, हिरवी बरोबरची खूण येते, अभिनंदन वगैरे होतं, आणि हॉलवर लावल्यावर कळतं की आवाज आणि ओठ यांची फारकत झाली आहे. पहिल्या मंगलाष्टकाला सगळं जुळलेलं. तिसऱ्याला मामी तोंड मिटून गातायत. शेवटी "सावधान" ऐकू येतं आणि अंतरपाट अजून खाली यायचाय. कारण असं की बहुतेक फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाहीत. सेटिंगमध्ये ३० लिहिलेलं असतं, पण मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात उजेड कमी पडला की फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि सेकंदाला कमी फ्रेम घेतो. उजेड आला की पुन्हा वाढवतो. आवाज मात्र एकाच चालीने चालतो. ही माहिती फोनच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमच्या वेळेसकट नोंदवलेली असते. घरगुती सॉफ्टवेअर ती नोंद धाब्यावर बसवून सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडतं, आणि चूक थेंबाथेंबाने साठत जाते. मग लोक आवाज अर्धा सेकंद पुढे सरकवतात. तो सुरुवातीला बिघडतो आणि मध्यात कुठेतरी जुळतो. असं सरकवून हे कधीच सुटणार नाही. मूळ क्लिप एडिटिंगला घेण्याआधीच हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून काढाव्या लागतात. म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम आधी फुकटवाल्याकडून करून घ्यायचं.

फोनवाल्यांनी यात आपलं तेल ओतलंच आहे. बरीच वर्षं एच.२६४ हा व्हिडिओ आवळून साठवायचा प्रकार सगळीकडे चालायचा. तो २००३ चा. २०१३ मध्ये एचईव्हीसी आला, त्याच दर्जाला साधारण निम्मी जागा खाणारा. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून नव्या आयफोनांचं रेकॉर्डिंग त्यात सुरू केलं. तंत्र उत्तम आहे, पण त्याच्या पेटंटांचे वाटेकरी इतके की प्रत्येकाला वेगळा नैवेद्य. त्याचा परिणाम असा की कित्येक विंडोज लॅपटॉपांवर हा व्हिडिओ उघडायला मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून एक तुकडा वेगळा विकत घ्यावा लागतो. किंमत एक डॉलरच्या आत, पण प्रश्न रुपयांचा नाही. साठ हजारांच्या लॅपटॉपला नातवाच्या बारशाचा व्हिडिओ उघडता येत नाही आणि तो का उघडत नाही ते कुणी सांगत नाही. टाइमलाइनवर काळी चौकट आणि खाली नुसता आवाज. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवडलं की पुढचे व्हिडिओ जुन्या एच.२६४ मध्ये निघतात. कार्य संपल्यावर हे कळून उपयोग नसतो, आणि बहुतेकांना ते कार्य संपल्यावरच कळतं. २०२० च्या आयफोन १२ पासून तर व्हिडिओ आपण होऊन एचडीआर या जास्त उजळ प्रकारात निघायला लागले. फोनवर डोळे दिपतात. साध्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट केलं की नवरीची हळद पांढुरकी होते, चेहरे जळाल्यासारखे, आणि दोष कॅमेरा धरणाऱ्या भावाला.

आता अर्ध्यात कोसळणारं एक्स्पोर्ट. यात एक प्रश्न आधी विचारायचा, जो कुठलंच सॉफ्टवेअर विचारत नाही: दर वेळी त्याच टक्क्यावर कोसळतं का? निरनिराळ्या टक्क्यांवर कोसळत असेल तर संशय यंत्रावर घ्यावा. तापलेला लॅपटॉप, अपुरी मेमरी, मध्येच झोपलेला संगणक. (काही सॉफ्टवेअरं एक्स्पोर्ट चालू असताना लॅपटॉपला झोपू देत नाहीत, काही खुशाल झोपू देतात आणि सकाळी कानावर हात ठेवतात.) पण त्याच टक्क्यावर थांबत असेल, तर टाइमलाइनवर त्या जागी काहीतरी कुजलंय. फिल्मचा पहिला अर्धा भाग एक्स्पोर्ट करून बघा. निघाला? मग घाण दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग करा. तासाभराची फिल्म असली तरी अशा सहा खेपांत एका मिनिटाच्या आत येता, आणि तिथे हटकून सापडतं ते ठरलेलं: व्हॉट्सॲपवरून आलेली अर्धवट डाउनलोड झालेली क्लिप, दोन क्लिपांच्या सांध्यावर घातलेलं नको इतकं नटवं ट्रान्झिशन, नाहीतर फोटो.

फोटोंबद्दल लोक विश्वासच ठेवत नाहीत. फोटोने काय होणार? आता १०८ मेगापिक्सेलवाले फोन गल्लोगल्ली आहेत. त्यातला पूर्ण आकाराचा फोटो १२,००० बाय ९,००० ठिपक्यांचा. फाइल दिसते पंधरा-वीस एमबीची, पण सॉफ्टवेअर ती उलगडतं तेव्हा प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर मेमरीत ४३२ मेगाबाइट जागा लागते. एका फोटोला. त्यावर हळूहळू झूम होणारा इफेक्ट, मागेपुढे विरघळणारे आणखी दोन फोटो, आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, ज्यातली निम्मी ब्राउझरनेच गिळलेली. बाहेर निघणारी फिल्म फुल एचडी, म्हणजे जेमतेम २१ लाख ठिपक्यांची. दहा कोटी ऐंशी लाख ठिपके आत घेऊन त्यातले २१ लाख दाखवायचे असतील, तर फोटो आत घेतानाच लहान करून ठेवायला कुणाचा बाप आडवा येतो? आजोबांच्या फोटोंचा स्लाइड शो जिथे मरतो ती ही जागा. फोटो आधी निम्म्या-पाव आकाराचे करून घ्या, चालेल. हे सांगायला मी लागतो, सॉफ्टवेअर नाही.

मघाशी मी म्हटलं की सॉफ्टवेअरला माहीत असतं. याचा पुरावा मागाल तर देतो. एफएफएमपेग नावाचा एक प्रोग्रॅम आहे, फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००० मध्ये सुरू केलेला, पुढे असंख्य स्वयंसेवकांनी वाढवलेला, संपूर्ण फुकट. त्याला खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. उभ्या व्हिडिओच्या कडा हाताने कापताना उंची १०७९ उरली, तर नेहमीच्या एच.२६४ मध्ये तो निघत नाही. कारण त्यात रंगाची माहिती दोन बाय दोन ठिपक्यांच्या चौकोनामागे एकदाच साठवतात, म्हणून रुंदी आणि उंची सम लागते. एफएफएमपेग तिथेच थांबतो आणि उंचीला दोनाने भाग जात नाही असं स्वच्छ लिहितो. आकडा देऊन. १०८० करा, काम झालं. आता गंमत बघा: कित्येक घरगुती एडिटिंग सॉफ्टवेअरांच्या पोटात हाच फुकटचा एफएफएमपेग बसवलेला असतो. खालून तो नेमकं कारण सांगतो. वरची रंगीत, गोल कोपऱ्यांची, महिन्याला पैसे घेणारी खिडकी ते कारण ऐकते, चुरगाळून टाकते आणि तुम्हाला म्हणते, काहीतरी चुकलं.

चुरगाळून कुठे टाकते तेही सांगतो. विंडोजमध्ये ॲपडेटा नावाचा फोल्डर आहे, तो लपवलेला असतो. त्यात त्या सॉफ्टवेअरच्या नावाचा फोल्डर, त्यात बऱ्याचदा लॉग नावाची साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटच्या दहा-वीस ओळी वाचा. इंग्रजी रूक्ष असतं, पण कुठली फाइल उघडली नाही, कुठल्या फोल्डरात लिहू दिलं नाही, हे तिथे बहुतेक वेळा वेळेसकट असतं. म्हणजे कबुलीजबाब घरातच लिहून ठेवलेला, फक्त माळ्यावर टाकलेला.

यावर या धंद्यातली माणसं म्हणतात, सामान्य वापरणारा तांत्रिक तपशिलाने घाबरतो. सामान्य म्हणजे कोण? माझी शेजारीण, जी सकाळी अकराच्या ठोक्याला तत्काळचं स्लीपर तिकीट काढते, गॅसचं केवायसी करते, मुलाच्या प्रवेशासाठी चार पोर्टलं कोळून पिते? तिला "सी ड्राइव्हवर जागा कमी आहे" या वाक्याने भोवळ येणार? घाबरतो तो कारण कळलं नाही म्हणून.

९९ टक्क्यांबद्दलही तेच. तिथे पट्टी अडकली की लोक धीर सोडतात, प्रोग्रॅम बंद करतात, आणि फिल्म मरते. टक्के मोजतात ते सहसा फ्रेम, काम नव्हे. सगळ्या फ्रेम झाल्या तरी आवाज नि चित्र एकत्र बांधणं आणि एमपी-४ ची अनुक्रमणिका लिहिणं बाकी असतं. ती सहसा शेवटी लिहिली जाते. काही सॉफ्टवेअरं ती उचलून फाइलच्या सुरुवातीला आणतात, त्यासाठी पूर्ण फाइल पुन्हा एकदा लिहावी लागते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागतो. त्या घटकेला वीज गेली किंवा तुम्ही प्रोग्रॅम मारलात, तर ३ जीबीची फाइल डिस्कवर दिसते, पण कुठलाही प्लेअर ती उघडत नाही, कारण अनुक्रमणिकाच नाही. "आता फाइल जुळवतोय, पाच मिनिटं थांबा" एवढं लिहायला काय जात होतं? डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर हात बांधून बसा, एवढंच मी सांगू शकतो.

जुन्या कॅसेटींवरून काढलेल्या फिल्मा हा वेगळाच छळ आहे, थोडक्यात आटोपतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत पाल: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, त्याही दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. एक्स्पोर्ट करताना डीइंटरलेस केलं नाही तर वरातीत नाचणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कडेला आडव्या रेघा फुटतात. आणि चित्र चारास तीन असताना सॉफ्टवेअर ते न विचारता सोळास नऊ ताणतं. काडीसारखे मामा १९९२ च्या लग्नात गुबगुबीत दिसतात. बघणारे हसतात, करणाऱ्याला वाटतं कॅसेटच तशी होती.

माझं डोकं खरं फिरतं ते देवनागरीपाशी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्यानंतर मुलं जन्मून, शिकून, त्यांची लग्नं झाली, आणि त्या लग्नाच्या फिल्मवर "चि. सौ. कां." लिहिलं तर आजही काही सॉफ्टवेअरांत वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते, जोडाक्षरं फुटतात, "श्री" चे हातपाय वेगळे होतात. भारतात जाहिराती करताना यांना मराठी येतं, पैसे घेताना येतं, फक्त अक्षर जोडताना येत नाही. अगदी व्यावसायिकांच्या प्रीमियरमध्येसुद्धा दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय सेटिंग्जमध्ये जाऊन निवडावा लागतो. आपण होऊन ओळखायला अक्षरं काय चंद्रावरची आहेत? घरगुती सॉफ्टवेअरात तो पर्यायही नसेल, तर शीर्षक दुसऱ्या नीट प्रोग्रॅमात करून, मागचा भाग पारदर्शक ठेवून, पीएनजी चित्र म्हणून आणायचं. फाइलच्या नावाचंही तसंच. "आजीचा वाढदिवस" नावाच्या फोल्डरात क्लिप ठेवल्या की काही जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमांना ते नाव म्हणजे प्रश्नचिन्हांची रांग दिसते, आणि फाइल सापडत नाही म्हणून एक्स्पोर्ट पडतं. विंडोजची जुनी २६० अक्षरांची मर्यादाही आहेच. फोल्डरात फोल्डर करत गेलात की तीही आडवी येते. म्हणून मी लोकांना सांगतो, थेट डी ड्राइव्हवर "aaji" असा रोमन लिपीतला छोटा फोल्डर करा. सांगताना लाज वाटते, आणि ती ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही.

मग सल्लागार येतात. पहिला म्हणतो, काढून पुन्हा टाका. दुसरा म्हणतो, कोडेक पॅक टाका. हे पॅक टाकून प्लेअर सुधारला तर सुधारतो, एडिटिंग सॉफ्टवेअरं बहुतेक आपलेच डीकोडर वापरतात, त्यामुळे फायदा शून्य, आणि कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवलेला पॅक आपल्यासोबत आणखी काय घेऊन येतो ते विचारू नका. तिसरा म्हणतो, फॉरमॅट मारा. घर जाळून ढेकूण मारायची ही रीत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. चौथा दुकानदार, तो ग्राफिक्स कार्ड विकतो. आता गंमत अशी की पुष्कळदा एक्स्पोर्ट कोसळतं ते ग्राफिक्स चिपमुळेच. तिच्यात व्हिडिओ लवकर बनवायची सोय असते, इंटेलच्या प्रोसेसरांत ती २०११ पासून आहे; ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर यांचं जमत नसलं की नेमकी तीच सोय अंगाशी येते. एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडिंगसमोर बरोबरची खूण असते. ती काढा. एक्स्पोर्ट दुप्पट-तिप्पट वेळ घेईल, पण कितीतरी वेळा पूर्ण होईल. हा सल्ला दुकानदार देत नाही, कारण खूण काढायचे पैसे मागता येत नाहीत.

राहता राहिला वॉटरमार्क. फुकट म्हणून उतरवलेलं सॉफ्टवेअर फुकट कापू देतं, फुकट जोडू देतं, गाणी, फुलं, उडणारी हृदयं सगळं फुकट. तुम्ही तीन रात्री घालवता. आणि एक्स्पोर्टचं बटण दाबलं की आजीच्या कपाळावर त्यांचं बोधचिन्ह, नाहीतर पैसे भरा. हे पहिल्या दिवशी ठळक सांगता आलं असतं. न सांगण्यातच सगळा धंदा आहे. ज्याची फिल्म उद्या सकाळी लावायची आहे तो आज रात्री घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणि एकदा पैसे भरलेत की बघा. तोच प्रोग्रॅम, ज्याला पेनड्राइव्हवर फाइल मावेल की नाही सांगता येत नव्हतं, सी ड्राइव्ह भरलाय हे दिसत नव्हतं, तो सात दिवस आधी, मग तीन दिवस आधी, मग आदल्या रात्री तुम्हाला कळवतो: सबस्क्रिप्शन अमुक तारखेला संपतंय, रक्कम इतकी, कार्डाची मुदत आधीच संपली आहे तेव्हा नवं कार्ड जोडा, इथे क्लिक करा. नेमकं कारण, नेमकी तारीख, नेमका उपाय, आणि तोही बिघाड व्हायच्या आधी.